कर्ता नसलेली पाककृती

गेल्या काही वर्षांत पुण्यामुंबईच्या सुस्थित मराठी घरांत एक नवे व्रत सुरू झाले आहे. माळ्यावरच्या पेटीतून पणजीचे पाकपुस्तक खाली काढायचे, हळदीचे डाग पडलेली त्याची पिवळी पाने जपून उलटायची, एखादा रविवार किंवा सणाचा दिवस ठरवायचा, आणि त्या पुस्तकातील एक अख्खे जेवण, चटणी-कोशिंबिरीपासून शेवटच्या ताकभातापर्यंत, जसे होते तसे पुन्हा मांडायचे. पाट, रांगोळी, केळीचे पान, डावी बाजू, उजवी बाजू, सारे यथासांग. पुस्तके कधी कधी फार जुनी असतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे, आणि त्यात पाकक्रिया एक हजार. सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ १९४३ सालची. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची, म्हणजे या रांगेत वयाने सर्वांत लहान. पण पन्नाशी उलटल्यामुळे तीही आता ‘जुन्या’त जमा झाली आहे. या व्रताचा सुगंध उपाहारगृहांच्या मालकांपर्यंत न पोहोचता तरच नवल. आजीच्या नावावर ताटे विकली जाऊ लागली आहेत, आणि त्यांचे दर पाहिले तर आजी स्वतः त्या दारातून आत गेली नसती.

यात आक्षेप घेण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. कोणी आपल्या घरी पुरणपोळी करून चार नातलगांना बोलावले तर समाजवादाचे काय बिघडते? काही बिघडत नाही. चांगले जेवण ही श्रीमंतांची मिरास आहे आणि चळवळीतल्या माणसाने कोरड्या भाकरीवर समाधान मानावे, असली वैराग्याची शिकवण समाजवादाने कधी दिलेली नाही. आक्षेप पुरणपोळीवर नाही. आक्षेप आहे तो ‘जसे होते तसे’ या तीन शब्दांवर. ते जसे होते तसे ही मंडळी मांडत नाहीत. मांडू लागली तर पहिला घास घशाखाली उतरणार नाही.

या पुस्तकांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे, कारण ते खरे आहे. स्त्रीच्या हातातले ज्ञान अक्षरांत आणण्याचे काम त्यांनी केले. ‘सूपशास्त्र’ हे मराठीतील आरंभीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एक. त्यावर नाव पुरुषाचे आहे, कारण ज्या बायकांना ते शास्त्र येत होते त्यांतल्या बहुतेकींना १८७५ साली लिहितावाचता येत नव्हते. तेथून ‘गृहिणी-मित्र’पर्यंत पस्तीस वर्षे लागली, आणि तेव्हा कुठे एका स्त्रीने आपल्या नावाने आपले स्वयंपाकघर छापून आणले. कमलाबाई ओगल्यांनी तर त्याहून मोठी गोष्ट केली. शेर, तोळे, मासे यांची भाषा टाकून त्यांनी घरातली वाटी आणि घरातला चमचा हेच माप धरले. गाव सोडून डोंबिवलीच्या किंवा पिंपरीच्या दोन खोल्यांत सासूवाचून संसार मांडणाऱ्या मुलीला त्या पुस्तकाने हात दिला. ज्या ज्ञानासाठी पूर्वी सासूच्या मर्जीत राहावे लागे, ते दुकानात विकत मिळू लागले. ही मुक्ती लहान नव्हती, आणि तिच्याकडे पाहून नाक मुरडणारा पुरोगामी बहुधा स्वतः कधी चुलीपुढे बसलेला नसतो.

परंतु याच पुस्तकांच्या भाषेत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे जेवण मांडणाऱ्यांचे लक्ष जात नाही. मराठी पाककृती विध्यर्थात लिहिली जाते. डाळ निवडून घ्यावी, शिजवावी, उपसावी, वाटावी, चाळावी, लाटावी. प्रत्येक वाक्यात कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता नाही. व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. आज्ञा देणाऱ्या भाषेला कर्ता सांगण्याची गरज नसते, कारण तो कोण हे घरात सर्वांना ठाऊक असते.

पुरणपोळीचेच उदाहरण घ्यावे, कारण या व्रताचे ते मुख्य दैवत आहे. पुस्तकात तिला पाऊण पान मिळते. ‘पुरण पाट्यावर मऊ वाटून घ्यावे’ या अर्थाचे एक वाक्य त्यात असते. पन्नास माणसांच्या पंगतीला हरभऱ्याची डाळ पाच-सहा शेर लागे. एक शेर म्हणजे ऐंशी तोळे, आजच्या हिशेबात नऊशे तीस ग्रॅमच्या आसपास. शिजून, गूळ मुरून, तीच डाळ दुपटीहून अधिक भरते. ती मूठ मूठ पाट्यावर घ्यायची आणि गुडघा मोडून, कमरेत वाकून, दोन्ही तळव्यांनी वरवंटा पुढे-मागे ओढायचा. पुरण गार झाले की वरवंट्याला चिकटते, म्हणून ते कढत असतानाच वाटावे लागते. हातांना चटके बसतात ते वेगळेच. हे झाले पुरणाचे. पोळीची कणीक ज्या गव्हाची, तो गहू आधीच्या दिवसांत निवडलेला, पहाटे जात्यावर दळलेला आणि पातळ फडक्यातून गाळलेला असे. सरपण फोडलेले असे. पाणी विहिरीवरून, सोवळ्यात असेल तर ओलेत्याने, आणलेले असे. पोळ्या झाल्या की डाळीच्या निथळलेल्या कटाची आमटी, कारण काहीच वाया घालवायचे नाही. आणि सर्व आटोपल्यावर पितळेची पातेली चिंच आणि राख लावून घासायला विहिरीशी नेलेली असत. पाककृतीच्या पाऊण पानाबाहेर उरलेले हे काम मोजले तर दोन दिवस भरतात. पाककृतीत त्यांचा उल्लेख एका शब्दानेही नसतो, आणि पुस्तक लिहिणारीला त्याची गरजही वाटली नाही. ती स्वतः त्याच कामात वाढली होती.

आता पंगतीकडे वळावे. ‘कौटुंबिक जेवण’ म्हणून आज जे मांडले जाते त्यात आजोबा, आजी, मुलगा, सून, नातवंडे एकाच वेळी एकाच टेबलाभोवती बसतात, हसतात, छायाचित्र काढतात. असे जेवण त्या घरांत झालेलेच नाही. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. स्त्रिया वाढपी. दुसरी पंगत घरच्या सवाष्णींची, ती दुपारी दोनला बसली तर लवकर बसली म्हणायची. सर्वांत शेवटी धाकटी सून, आणि पुष्कळ घरांत ती नवऱ्याच्या उष्ट्या पानावर. कढईच्या कडेला चिकटलेले, गार झालेले, जे काय उरले असेल ते तिच्या वाट्याला. पाककृतीत ‘हे प्रमाण दहा माणसांस पुरे’ असे लिहिलेले असते तेव्हा ती सून त्या दहांत धरलेली असे की नसे, हा प्रश्न अभ्यासाचा आहे.

आणि तिच्याही पलीकडे आणखी एक बाई होती. सोवळ्याचा स्वयंपाक जिच्या हाताला शोभे अशी घरातली विधवा आत्या, काकू, कधी अवघ्या पंधरा-सोळा वर्षांची. केशवपन झालेले, अंगावर आलवण. पहाटे विहिरीवर स्नान करून चुलीपुढे बसली की दुपार टळेपर्यंत उठणे नाही. कांदा, लसूण, मसूर तिला वर्ज्य. दिवसातून जेवण एक वेळ. सणाच्या गोडधोडाला हात लावायचा तो वाढण्यापुरता. पंक्तिप्रपंच हा शब्द मराठीने उगाच घडवला नाही. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांना पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढावा लागला, तो अशाच घरांतून सुटू पाहणाऱ्या मुलींसाठी. आज ज्या ‘आजीच्या हातच्या चवी’चे गोडवे गायले जातात, ती चव पुष्कळदा आजीच्या हातची नव्हतीच. ती या बाईच्या हातची होती. घराण्याच्या वंशावळीत तिचे नाव नसते, भिंतीवर तिचा फोटो नसतो, आणि पाकपुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतही ती नसते.

सोवळ्याची ही कथा स्वयंपाकघरापुरतीच होती असेही नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. ज्या समाजात एक कप चहा धर्मसंकट उभे करी, त्या समाजाचे ताट ‘जसे होते तसे’ मांडायचे म्हणजे दारात कोणाला थांबवायचे याची यादीही सोबत मांडायला हवी. ती यादी आज कोणी मांडत नाही, ही गोष्ट चांगलीच आहे. पण मग ‘जसे होते तसे’ म्हणू नये.

यावर उत्तर ठरलेले असते. ते दिवस गेले; आज सर्वजण मिळून स्वयंपाक करतात; मिक्सर आहे, कुकर आहे, गॅस आहे; जुन्यातले वाईट सोडून चांगले घेतले तर बिघडले कोठे? हे उत्तर ऐकायला बरे वाटते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनमोबदल्याच्या कामात कोणत्याही एका दिवशी शंभरांतील एक्याऐंशी स्त्रिया गुंतलेल्या आढळल्या, पुरुष सव्वीस. जे गुंतलेले होते त्यांतही स्त्रियांची दिवसाकाठी २९९ मिनिटे या कामात जात होती, पुरुषांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली, तीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रियांची मिनिटे २८९ झाली. पुरुषांची वाढली असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. ती ८८ वर आली. म्हणजे स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाने आपली नऊ वाचवली. ‘सर्वजण मिळून’ करण्याची कथा या आकड्यांत बसवून दाखवावी.

रविवारच्या त्या जेवणाचे स्वरूपही यातून उघड होते. पुरुष पुस्तक वाचून दाखवतो, जुन्या मापांचा हिशेब करतो, पाहुण्यांना इतिहास सांगतो. क्वचित तो एखादा पदार्थ स्वतः करतो आणि त्याची वाखाणणी आठवडाभर चालते. उरलेले सोळा पदार्थ त्याची बायको आणि आई करतात, आणि त्यांचे कौतुक होत नाही, कारण त्या रोजच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरकामाला येणारी बाई पाहुण्यांची जास्तीची भांडी, तीही हौसेने विकत आणलेली पितळेची, त्याच पगारात घासते. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगारांसाठी कल्याणकारी मंडळाचा कायदा झाला, पण पाहुणे आले म्हणून वाढलेल्या भांड्यांचा दर त्या कायद्याने ठरवलेला नाही. विहिरीवर राख लावून पातेली घासणारी गेली असे ज्यांना वाटते, त्यांनी सोमवारी सकाळी स्वतःच्या मोरीत डोकावावे.

इथवरचा विचार ज्या घरांत पाकपुस्तके होती त्या घरांचा झाला. आता ज्या घरांत ती नव्हती त्यांच्याकडे यावे लागेल, कारण खरा प्रश्न तेथेच आहे. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी सांगितले की देशातील सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला आणि मोठा वाद झाला. तीन आणे म्हणजे नव्या चलनात एकोणीस पैसे. त्या एकोणीस पैशांत तेल, मीठ, सरपण, कपडा, औषध सारेच आले. या सत्तावीस कोटींच्या घरी रात्री जे शिजत होते तेही कौटुंबिक जेवणच होते. त्याची पाककृती कोणत्या पुस्तकात आहे? महाराष्ट्राची ‘पारंपरिक खाद्यसंस्कृती’ म्हणून आज ज्या चार-पाच पुस्तकांकडे बोट दाखवले जाते, ती ब्राह्मण, सारस्वत, पाठारे प्रभू अशा मूठभर साक्षर जातींच्या स्वयंपाकघरांतून आलेली आहेत. त्यांनी आपले लिहिले, यात त्यांचा दोष नाही. पण एका वाड्याचे जेवण साऱ्या गावाचे म्हणून मांडणे हा दोष आजच्या मांडणाऱ्यांचा आहे.

गावकुसाबाहेरचे जेवण लिहिले गेले नाही असेही नाही. ते पाकपुस्तकांत आले नाही, आत्मचरित्रांत आले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. येसकराच्या पाळीने गावभर फिरून मागून आणलेली शिळी भाकर आणि मेलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी हा ज्या जगण्याचा भाग होता, ते जगणे अशा लेखनातून प्रथम मराठी वाचकाच्या समोर आले. पण तो वाचक ते साहित्य म्हणून वाचत होता, पाककृती म्हणून नव्हे. २०१५ साली शाहू पाटोळे यांनी मात्र सरळ पुस्तकच लिहिले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या जेवणाचे ते पुस्तक आहे, आणि पंगतीत म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातील पूर्णब्रह्माला उत्तर म्हणून त्याचे नाव ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. त्यात तेल, तूप, दूध यांचे नाव फारसे येत नाही. ते नसण्यामागे कसलेही पथ्य नाही. ते परवडत नव्हते. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा कुठे मोठ्या वृत्तपत्रांना त्याची दखल घ्यावीशी वाटली.

येथे एक अवघड गोष्ट येते, आणि ती टाळून चालणार नाही. या घरांनी आपले जुने जेवण पुन्हा मांडावे, असे म्हणणे सोपे आहे. पण १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांना मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे-शिळे टाकून देण्याचे आवाहन केले. हजारो घरांनी ते टाकले. उपाशी राहावे लागले तरी टाकले. येसकराची भाकर नाकारली म्हणून गावाचा राग ओढवून घेतला. त्या घरांच्या आठवणीतले सर्वांत मोठे कौटुंबिक जेवण म्हणजे न शिजवलेले जेवण आहे. ते पुन्हा कसे मांडणार? एका वर्गाला आपल्या पणजीच्या ताटाकडे परत जाण्यात सुख आहे. दुसऱ्याच्या पणजीने ते ताट भिरकावून दिले यातच त्याचा मान आहे. वारसा, परंपरा, मुळांकडे परतणे हे आजचे लाडके शब्द या दोन घरांना एका मापाने लावता येत नाहीत.

आणि ज्यांनी आपल्या आवडीने, मानाने, बाजारातून विकत आणून बैलाचे मांस खाल्ले, त्यांचे काय? वाळवलेल्या चान्या हा मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत आठवणीचा पदार्थ आहे. गोवधबंदी राज्यात १९७६ च्या कायद्यापासून होतीच. २०१५ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुढल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हणजे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ज्या वर्षी छापून आले त्याच वर्षी त्यातील काही पाककृतींचे साहित्य या राज्यात तयार करणे गुन्हा ठरले. एका घराची परंपरा उपाहारगृहात चांदीच्या वाटीत, आणि दुसऱ्याची फौजदारी कलमात. परंपरेविषयी गहिवरणाऱ्या किती जणांनी तेव्हा तोंड उघडले, हे त्यांनी स्वतःला विचारावे.

धान्याची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. जुने जेवण मांडणाऱ्यांना अलीकडे ज्वारी-बाजरीचा उमाळा आला आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले आणि दिल्ली सरकारने त्यांना ‘श्री अन्न’ अशी पदवी दिली. ज्वारी पूर्वीही होती. तिला तेव्हा कोणी श्री लावला नाही. बाहत्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसाची ज्वारी करपली आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिची भाकर थापताना फुटायची, खाताना घशात अडायची. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांना सुकडी मिळे, ती पदरात बांधून घरच्या पोरांसाठी नेली जाई. हेही एका पिढीचे कौटुंबिक जेवण. त्याच्या आठवणीचा रविवार अजून कोणी साजरा केल्याचे ऐकिवात नाही. पुढे रेशनने गहू-तांदळाची सवय लावली, कोरडवाहू शेतात सोयाबीन आणि कापूस आला, आणि जिला गरिबाचे धान्य म्हणत ती ज्वारी बाजारात अनेकदा गव्हाहून महाग मिळू लागली. ती पिकवणाऱ्याच्या घरी रेशनच्या गव्हाची चपाती होते, आणि भाकर शहरात तूप लावून पाहुण्यांना वाढली जाते.

तेव्हा जुने जेवण मांडायचेच असेल तर या महाराष्ट्रात मांडण्यासारखी जेवणे आणखीही आहेत. गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत एकेक बाई रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या दहा-पंधरा गिरणी कामगारांची खानावळ चालवी. पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा पहाटे, तिसऱ्या पाळीच्या माणसाचे ताट अवेळी. कामगार महिन्याने पैसे देई, वाणी आठवड्याने मागे, आणि मधली फट सावकार भरून काढी. या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांच्यासाठी उघडायला लावले. तोवर त्या जे करीत होत्या त्याला कोणी धंदा म्हणत नव्हते, स्वयंपाक म्हणत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांच्या संपाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. पगार थांबलेल्या माणसाला उधारीवर जेवू घालून जिचे मंगळसूत्र गहाण पडले, तिचा त्यात एखादा परिच्छेद आहे. त्या खानावळींची आमटी कशी होती, एका किलो डाळीत किती माणसे बसवली जात होती, हे सांगणाऱ्या बायका अजून लालबाग-परळच्या चाळींत सापडतील. आणखी दहा वर्षांनी सापडणार नाहीत.

पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात ताजी भाकर आणि रस्सा, आणि खायला बसताना जात विचारायला कोणी नाही. त्याच काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन, थाळ्या बडवीत महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. लाटण्याचा तो उपयोग ‘रुचिरा’त दिलेला नाही, पण ज्या घरांत ‘रुचिरा’ होती त्यांतल्याही कित्येक बायका त्या मोर्च्यांत चालल्या होत्या. तेल, साखर, रॉकेल मिळाल्यावाचून एकही पाककृती सिद्ध होत नाही, हे त्यांना पुस्तक न उघडता कळले होते. आज त्यांच्याच नाती त्या पुस्तकातला पदार्थ करून पाहतात आणि आजीच्या लाटण्याची दुसरी हकीकत त्यांना कोणी सांगितलेली नसते.

ज्या घरांत अजून ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत त्यांनी एक काम आजच करण्यासारखे आहे. जुन्या पुस्तकातली एखादी पाककृती त्या बाईला वाचून दाखवावी आणि प्रत्येक क्रियापदाला थांबावे. डाळ निवडावी: कोणी निवडली? पाणी घालावे: कोणी आणले, कोठून, कोणाच्या विहिरीवरून? वाटावे: कोणी वाटले, आणि ती कितव्या पंगतीला जेवली? उरलेले कोणाला दिले, आणि कसे दिले, हातात की वरून टाकून? उत्तरे पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहावीत. काही घरांत ही उत्तरे मिळणार नाहीत. काही घरांत मिळतील, आणि ती लिहिताना हात अडखळेल. तरीही लिहावीत. त्यानंतर ज्याला जेवण मांडायचे त्याने खुशाल मांडावे, मात्र पाटा पुरुषाने ओढावा आणि घरातल्या धाकट्या सुनेला पहिल्या पंगतीत बसवावे.

एवढ्याने भागणार मात्र नाही, कारण कर्ता नसलेली पाककृती केवळ घरात नाही, सरकारच्या दप्तरातही आहे. राज्यातील शाळाशाळांतून रोज दुपारी लाखो मुलांची खिचडी शिजते. परिपत्रकात तांदळाचे ग्रॅम असतात, डाळीचे असतात, तेलाचे असतात, उष्मांक आणि प्रथिने असतात. जी बाई सकाळी चूल पेटवते आणि दुपारी कढई घासते तिला कामगार म्हटलेले नाही, म्हणून तिला वेतनही नाही, ‘मानधन’ आहे. केंद्र सरकारने ते २००९ साली महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातून दहा महिन्यांचे; पुढे राज्यांनी आपापल्या तिजोरीतून त्यात कमी-अधिक भर घातली. तिला किमान वेतन कायद्याखाली आणावे, पगार बारा महिन्यांचा द्यावा, भाजल्याकापल्याची भरपाई द्यावी आणि तिच्या कामाचे तास परिपत्रकात तांदळाच्या ग्रॅमशेजारी लिहावेत, ही मागणी येत्या अधिवेशनात पक्षाच्या आणि मित्रपक्षांच्या प्रतिनिधींनी सभागृहात मांडली पाहिजे, आणि तिच्या पाठीशी जिल्ह्याजिल्ह्यांत बायका पुन्हा लाटणी घेऊन उभ्या राहतील अशी तयारी आतापासून केली पाहिजे.